मनोऱ्यामागची वाट

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे ओढून बसलेल्या वाचकाला मोबाइलच्या मनोऱ्याचा इतिहास वाढणे हा अपराधच आहे, आणि तो मी जाणूनबुजून करीत आहे. मी काही इंजिनियर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पोट भरले ते मास्तरकीवर आणि हौस भागवली ती कादंबऱ्या लिहून. परंतु एका मुलीच्या हजेरीच्या रकान्यात मी एकदा जी चूक केली, तिचा माग काढता काढता मी या मनोऱ्यापाशी, आणि मनोऱ्याच्या पुढून त्याच्या पाठीशी, असा येऊन पोहोचलो. ती हकीकत शेवटी सांगेन. आधी इतिहास.

निरोपाचे दोन धनी असतात. एक निरोप हाती घेणारा आणि दुसरा तो पुढे पोहोचविणारा. पहिला आपल्या ओळखीचा असतो, दुसऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. १६६० च्या आषाढात महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून तोफा झाल्या आणि त्या ऐकून बाजीप्रभूंनी घोडखिंडीत प्राण सोडला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तोफ डागणाऱ्या गोलंदाजाचे नाव कोणी विचारले नाही. पानिपतावर १७६१ च्या संक्रांतीला जे घडले, त्याची बातमी सावकारी पत्रातल्या मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत पेशव्यांपर्यंत आली. मोती आणि मोहरा सर्वांच्या लक्षात राहिल्या, पण ते पत्र कमरेला बांधून ऊर फुटेस्तोवर धावलेला कासीद इतिहासातून निसटला. आज ज्याला मोबाइलच्या धंद्यात ‘बॅकहॉल’ म्हणतात, तो या कासदाचाच वंशज. मनोरा आपल्या हातातल्या फोनकडून निरोप घेतो खरा. परंतु त्या मनोऱ्यापासून मुख्य केंद्रापर्यंत तो निरोप नेणारी जी वाट, तिचे हे नाव. आपल्याला मनोरा दिसतो, वाट दिसत नाही. या लेखाचा विषय ती न दिसणारी वाट आहे.

मुंबईकराला हे समजावयास फार कष्ट पडू नयेत, कारण पाण्याच्या बाबतीत तो हे पिढ्यान्‌पिढ्या भोगीत आला आहे. विहारचा तलाव १८६० साली झाला, तुळशीचा १८७९ साली, आणि तानशाचे पाणी १८९२ साली शहरात आले. तानशाचे ते अगडबंब नळ मुलुंड, भांडुप, घाटकोपर असे करीत शहराकडे जातात. आमची पिढी त्या नळांच्या कडेने शाळेत गेली. आता चाळीत कोणी हौसेने चार नव्या तोट्या बसविल्या, त्यांना पितळेची चकचकीत तोंडे लावली, पण रस्त्याखालून येणारी नळी मात्र आजोबांच्या वेळची अर्ध्या इंचाचीच ठेवली, तर काय होईल? सकाळी सहा वाजता चारही तोट्यांपुढे बायका कळश्या घेऊन उभ्या राहतील आणि चारही तोट्या फुसफुसतील. मोबाइलच्या पडद्यावर ज्या पाच रेघा दिसतात, त्या तोटीच्या रेघा आहेत. नळीचा व्यास त्यांत दिसत नाही. एवढे ज्याने ध्यानात धरले, त्याला या लेखातले पुढचे सारे शास्त्र कळले असे समजावे.

नळी अरुंद असली की माणूस निरोपच आखूड करतो, हा त्यातला आणखी एक चमत्कार. १८५४ च्या सुमारास मुंबई, आग्रा आणि कलकत्ता ही शहरे तारायंत्राने जोडली गेली आणि शब्दाला पैसे पडू लागले. बायकोला आठ पाने पत्र लिहिणारे गृहस्थ तार करावयाची वेळ आली की चार शब्दांवर येत. पुढे तर तारखात्याने शुभेच्छांची ठराविक वाक्येच करून टाकली आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला. तारमास्तर फक्त आकडा पाठवी आणि पलीकडचा मास्तर त्या आकड्याचे वाक्य कागदावर उतरवून घरी धाडी. त्या यादीत पहिला क्रमांक दिवाळीच्या शुभेच्छांचा होता, हे या अंकाच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. तारेच्या एका अरुंद वाटेवरून साऱ्या देशाची दिवाळी ‘एक’ या आकड्यात मावत होती! १४ जुलै २०१३ च्या रात्री तार बंद झाली. त्या दिवशी लोकांनी हौसेने स्वतःलाच तारा केल्या.

टेलिफोन आपल्याकडे १८८२ साली आला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत त्या वर्षी केंद्रे निघाली. परंतु ती मुंबई म्हणजे कोटातली आणि पेढ्यांची मुंबई. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा रेल्वेच्या कडेची गावे होती. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, पलीकडच्या बाजूस १८६७ साली विरारहून लोकल सुरू झाली, आणि तरीही कितीतरी वर्षे या गावांत भातशेती, वाड्या, मिठागरे आणि ताडीची झाडे हीच वस्ती मोठी होती. १९५० साली मुंबईची हद्द एका अंगाने जोगेश्वरीपर्यंत आणि दुसऱ्या अंगाने भांडुपपर्यंत सरकली, आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. माणसे लोकलने आली, घरे बांधली, शाळा काढल्या. शहराच्या नळ्या आणि तारा मात्र त्यांच्या मागून, दमल्या पावलांनी येत राहिल्या. उपनगरांचा सारा इतिहास हा असा आहे. आधी माणूस येतो, मग रस्ता, मग पाणी, आणि सर्वांत शेवटी फोन.

तो फोनही कसा? मी घाटकोपरच्या ज्या चाळीत वाढलो, तिथे फोन एकच होता आणि तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता. लग्नपत्रिकेवर नंबर छापून त्याच्यापुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे घालीत. त्याचा अर्थ इतकाच, की फोन शेजाऱ्याचा आहे, जरा बेताने करा. नवीन फोनसाठी नाव नोंदवावे आणि मुलगा कमावता होईपर्यंत वाट पाहावी, असा तो काळ. १९८६ साली महानगर टेलिफोन निगमची स्थापना झाली, यंत्रे सुधारली, नोंदी हळूहळू निकालात निघाल्या. इथेही आपल्याला दिसे ते घरातले काळे यंत्र. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात बोलणे नेणारी जी जोडवाहिनी असते, तिच्याकडे कोणी पाहत नसे. अंधेरीचे केंद्र कितीही मोठे केले, तरी अंधेरीहून फोर्टकडे जाणाऱ्या जोड्या भरल्या असल्या की फोन कुईंकुईं करी. लोक यंत्रावर गुद्दे मारीत.

या जोडवाहिनीच्या इतिहासात एक मान आपल्या महाराष्ट्राकडे येतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशावर बोलणे बसवून पाठविता येते, ही कल्पना चार्ल्स काओ या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडली. त्याबद्दल त्याला २००९ साली, म्हणजे ४३ वर्षांनी, नोबेल पारितोषिक मिळाले. हिंदुस्थानात स्थानिक केंद्रे जोडण्यासाठी काचतंतूची पहिली वाहिनी पडली ती १९७९ साली, पुण्यात. त्या वेळी कोणी पेढे वाटल्याचे मला आढळले नाही. पण पुढे सगळ्या देशाच्या निरोपांना ज्या वाटेने जावयाचे होते, तिचे हे पहिले पाऊल होते.

आता मोबाइल. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून बोलणे केले. मुंबईचे परवाने दोन कंपन्यांना मिळाले होते, बीपीएल मोबाइल आणि हचिसन मॅक्स, आणि त्यांनीही १९९५ सालीच धंदा मांडला. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे असा दर, आणि आलेल्या फोनलाही पैसे. अशा दराने कोण कितीसे बोलणार! तेव्हा मनोऱ्यापाठची वाट फार रुंद असण्याची गरज नव्हती. एका मनोऱ्याला साधारणपणे एक ‘ई-वन’ पुरे. ई-वन म्हणजे सेकंदाला सुमारे २० लाख टिंबे नेणारी वाट. तिच्यात ३२ खोल्या. त्यांपैकी दोन कारभारासाठी जात, उरलेल्या ३० बोलण्यासाठी. मोबाइलचे बोलणे इतके आवळून बांधलेले असते की एका खोलीत चार बिऱ्हाडे मावतात. म्हणजे शंभरावर माणसे एकाच वेळी सुखाने बोलू शकत. चाळीत वाढलेल्या मुंबईकराला हा हिशेब उलगडून सांगावयास नको.

ही वाट घालावयाची कशी? रस्ता खणून तार टाकणे म्हणजे वेळ, पैसा आणि परवानग्या. म्हणून कंपन्यांनी वाटही हवेतूनच काढली. मनोऱ्यावर जे उभट पांढरे पत्रे दिसतात, ते आपल्या फोनशी बोलणारे तोंड. त्यांच्या खाली किंवा बाजूस जो ढोलासारखा वाटोळा डबा दिसतो, तो पाठीकडची वाट. तो समोरच्या कुठल्यातरी उंच इमारतीवरच्या तशाच ढोलाकडे एकटक पाहत असतो. यातल्या लहरी एक-दोन सेंटिमीटर लांबीच्या. त्या टॉर्चच्या झोतासारख्या सरळ जातात आणि वाटेत काही आडवे आले की अडतात. देशात सूक्ष्मलहरींची पहिली वाट १९६५ साली कलकत्ता आणि असनसोल यांच्यामध्ये सुरू झाली होती. तिच्या मार्गात सपाट बंगाल होता. आमच्या उपनगरांत तसे नाही. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर शेजारी दिसतात, पण त्यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचा सारा डोंगर बसलेला आहे. घाटकोपरच्या असल्फ्याकडे टेकड्या आहेत आणि त्यांच्या अंगाखांद्यावर घरे. अंधेरीत गिल्बर्ट टेकडीचा सुमारे २०० फुटांचा काळा कातळ उभा आहे. तेव्हा एका मनोऱ्याचा निरोप दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, असा वळसे घेत केंद्रापर्यंत जाई. मधला एखादा मनोरा आंधळा झाला, की त्याच्या भरवशावरचे पाचदहा मुके होत.

डोंगर निदान जागा सोडीत नाहीत. आमच्या उपनगरांतल्या इमारती तेही करतात. मुलुंड, कांजूर, गोरेगाव या पट्ट्यातले कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी तीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उठल्या. दोन ढोल वर्षानुवर्षे एकमेकांकडे पाहत असावेत आणि एके दिवशी मध्ये क्रेन उभी राहावी, मग सांगाडा, मग भिंत! दर महिन्याला एक मजला चढतो आणि वाट बंद होते. एखाद्या जुन्या प्रेमकथेला शोभावा असा हा वियोग; परंतु यात रडतात ते खालच्या चाळीतले लोक, कारण त्यांचे फोन लागत नाहीत.

या पाठीमागच्या वाटेची खरी किंमत मुंबईला २६ जुलै २००५ रोजी कळली. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. साकीनाक्याला दरड कोसळली आणि कितीतरी कुटुंबे तिच्याखाली गेली. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. मी त्या वेळी पंचविशीतला, शाळेतल्या साठेक मुलांना घेऊन वर्गात अडकलो होतो. ज्यांच्या आईबापांकडे मोबाइल होते, त्यांचे नंबर मी पुन्हापुन्हा फिरवीत होतो. आधी ‘सर्व मार्ग व्यस्त’ असे ऐकू येई. रात्र चढत गेली तसे तेही ऐकू येईनासे झाले. वीज गेली होती. मनोऱ्यांखालच्या बॅटऱ्या काही तास टिकल्या आणि संपल्या. तळघरांत पाणी भरले. जिथे मनोरा जिवंत होता, तिथेही पुढचा ढोल मेला असला तर त्याच्या जिवंत असण्याचा उपयोग नव्हता. त्या रात्री मुले बाकांवर झोपली आणि पहाटे त्यांचे आईबाप छातीभर पाण्यातून चालत आले. एका बापाने दारातूनच विचारले, “सर, फोन का नाही केला?” मी नुसता फोन वर करून दाखविला. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ ला, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ७ स्फोट झाले आणि पुन्हा सारे शहर एकाच वेळी फोन फिरवू लागले. फोन लागेना. ज्यांची माणसे त्या गाड्यांत होती, त्यांचे ते तास कोणत्याही हिशेबात बसत नाहीत.

यानंतर काळ भरभर पालटला. आवाज मागे पडला आणि चित्रे पुढे आली. मुंबईत महानगर टेलिफोनने २००९ साली थ्री-जी आणले. २०१० साली खाजगी कंपन्यांसाठी लिलाव झाला आणि थ्री-जीच्या लहरींपोटी सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. एवढे पैसे तोटीसाठी मोजले, मग नळीचे काय? पूर्वी शंभर माणसे ज्या वाटेने बोलत, ती सेकंदाला २० लाख टिंबांची वाट. आणि नवा फोन एकटाच सेकंदाला ७० लाख, पुढे २ कोटी टिंबे मागण्याच्या ताकदीचा! एका पाहुण्याने सगळ्या पंक्तीचे जेवण मागावे तसा हा प्रकार. इंजिनियरांनी आधी चार-चार, आठ-आठ ई-वन एकत्र जोडून पाहिले. मग खोल्यांची ती जुनी चाळ पाडलीच. नव्या पद्धतीत प्रत्येकाला राखीव खोली नाही. निरोपाच्या लहान लहान पुड्या बांधावयाच्या आणि जशी जागा मिळेल तशा गाडीत भरावयाच्या, अगदी आठ-बावन्नच्या लोकलसारख्या. ढोल तेच दिसत, पण त्यांच्या पोटातली यंत्रे बदलली आणि वाट शेकडो पटींनी रुंद झाली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओचे फोर-जी सुरू झाले, आणि रोजचे जग फोनमध्ये पाहण्याची सवय भाजीवाल्यापासून भटजीपर्यंत साऱ्यांना लागली. रुंद केलेली वाट पुन्हा अरुंद झाली.

यावर कायमचा उपाय पुण्याने १९७९ साली पाहिलेलाच होता, तो काचतंतू. परंतु काचतंतू हवेतून जात नाही, त्याला जमीन लागते. आणि मुंबईत जमीन मागणे म्हणजे काय, हे ज्याने येथे खोली घेतली आहे त्यालाच ठाऊक. रस्ता खणावयाचा तर महापालिकेची परवानगी, खड्डा बुजविण्याचे पैसे, वाहतूक पोलिसांची परवानगी. पावसाळ्याचे चार महिने खोदाई बंद. रुळांखालून जावयाचे तर रेल्वेची परवानगी. खाली कुदळ मारावी तो कुठे पाण्याचा नळ, कुठे विजेची जाड तार, कुठे गॅस, आणि टेकडीकडे सरकावे तो काळा फत्तर. केंद्राने २०१६ साली मार्गहक्काचे नियम केले. डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड मोहीम जाहीर झाली, तेव्हा देशातले सुमारे ३० टक्के मनोरेच काचतंतूला जोडलेले होते आणि ते प्रमाण ७० टक्क्यांवर न्यावयाचे असे ठरले. म्हणजे दहांपैकी सात मनोरे त्या वेळी अजून ढोलाच्या भरवशावर उभे होते. ही गोष्ट पुढच्या हकीकतीसाठी लक्षात ठेवावी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. जूनपासून शाळा फोनवर भरू लागल्या. माझ्या वर्गात सातवीची एक मुलगी होती, टेकडीवरच्या चाळीत राहणारी. वडिलांचा एकच फोन आणि तो सकाळच्या तासांपुरता तिच्या वाट्याला येई. पडद्यावर तिचे चित्र कधी अर्धवट उमटे, कधी थिजून राही, बहुधा नुसते नावच दिसे. मी हजेरी घेई, तिचे नाव उच्चारी, दोन क्षण थांबे आणि पुढे जाई. रकान्यात लाल शाईने ‘गै’ लिहीत असे. महिनाभरात अशी अकरा लाल अक्षरे झाली. मी तिच्या वडिलांना फोन केला आणि जरा चढ्या आवाजातच बोललो. ते म्हणाले, “सर, रेंज तर फुल्ल दाखवतोय. पोरगी टाकीजवळ जाऊन बसते.” मला ती सबब वाटली. तीस वर्गांना पुरतील इतक्या सबबी ऐकून माझे कान निबर झाले होते. मी म्हणालो, “रेंज फुल्ल असेल तर मुलगी हजर का नाही?” त्यांच्याकडे उत्तर नव्हते. खरे म्हणजे माझ्याकडेही नव्हते, पण मास्तर असल्यामुळे मला ते कळले नाही.

त्या वर्षीच्या नवरात्रात एका रात्री आमच्या इमारतीच्या गच्चीवर खडखडाट ऐकू आला. आमच्या गच्चीवर मनोरा आहे. त्याच्या भाड्यातून सोसायटीची लिफ्ट चालते आणि त्याच्या लहरींवरून दर वार्षिक सभेत भांडण होते. वर गेलो तर पट्टा बांधून मनोऱ्यावर चढलेला मुलगा वरून ओरडला, “सर, तुम्ही?” माझा जुना विद्यार्थी! गणितात पस्तीसच्या वर कधी गेला नाही आणि आता रात्री एक वाजता आकाशात टांगून कोन मोजीत होता. ही कामे रात्रीच करतात, कारण वाट बदलताना फोन काही वेळ बंद पडतात आणि लोक झोपलेले असलेले बरे. त्याने खाली उतरून मला सारे समजावले. “सर, ते लांबट पत्रे म्हणजे तोंड, आणि हा ढोल म्हणजे पाठ. समोरच्या टेकडीवर तीन टॉवर आहेत. तिघांचंही पाणी याच एका नळातून येतं. सकाळी आठला सगळ्या टेकडीची शाळा एकदम सुरू होते. फोनला टॉवर जवळ आहे, म्हणून रेंज फुल्ल. पण मागे जागाच नाही. आवाज एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने येत नाही.”

मी विचारले, “मग आता?” तो म्हणाला, “आज मोठा ढोल लावतोय. पावसाळा संपला की खालून फायबर येईल.” मग पुन्हा वर चढून तो ढोल केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे करू लागला. झोत एक-दोन अंशांचाच असतो. समोरच्या टेकडीवरून त्याचा जोडीदार फोनवर आकडे सांगत होता. एका क्षणी दोघेही एकदम “बस्स!” म्हणाले आणि त्याने चाव्या आवळल्या. इतक्या शांतपणे एका टेकडीची वाट रुंद झाली. खाली वाहतुकीचा आवाज नव्हता, नवरात्राचे ढोल त्या वर्षी वाजले नव्हते. हा एक तेवढा लागला.

पुढे १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्ह-जी सुरू झाले आणि पहिल्या शहरांत मुंबई होती. त्याच्या मनोऱ्याची भूक इतकी मोठी, की जिथे काचतंतू पोहोचत नाही तिथे चार मिलिमीटरांच्या लहरींचे नवे ढोल लावू लागले. या लहरी ऐकल्या आणि मला जगदीशचंद्र बोस आठवले. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीआडून बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजविली आणि दारू उडवून दाखविली. पाच मिलिमीटर इतक्या आखूड लहरींवर ते त्याच सुमारास प्रयोग करीत होते, तेव्हा जगाला त्यांचा उपयोग ठाऊक नव्हता. सव्वाशे वर्षांनी त्या लहरी उपनगरांतल्या गच्च्यांवर कामाला लागल्या. त्यांना एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे पाऊस, कारण पावसाचा थेंबही काही मिलिमीटरांचाच असतो. आषाढातल्या मुंबईच्या सरी म्हणजे या लहरींपुढे भिंतच. म्हणून त्या एखाद्या-दुसऱ्या किलोमीटरपलीकडे पाठवीत नाहीत. तात्पर्य, पावसाचा आणि फत्तराचा विचार केल्यावाचून या शहरात कोणतीही वाट निघत नाही. तानशाचे नळ टाकणाऱ्यांनाही हेच कळले असेल.

आता राहिलेली हकीकत. त्या रात्रीनंतरच्या दिवाळीत मी टेकडी चढून त्या मुलीच्या घरी गेलो. तोंडाला फडके बांधलेले, हातात चकल्यांचा डबा. तिच्या वडिलांची क्षमा मागितली. ते संकोचले, “अहो सर, काय हे,” म्हणाले. मुलगी दारात उभी होती. मी तिला विचारले, “तुला तास ऐकू येत होता का गं?”

“येत होता ना,” ती म्हणाली. “तुमचा आवाज यायचा. तुम्ही माझं नाव घ्यायचात, मी रोज ‘हजर’ म्हणायचे.”

मी काही बोललो नाही. पाण्याच्या टाकीजवळ बसून एक मुलगी अकरा सकाळी ‘हजर’ म्हणत होती, तो शब्द मनोऱ्यापर्यंत पोहोचत होता, आणि पुढे वाट नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मी शाळेत जाऊन हजेरीपट काढला, अकरा लाल अक्षरे निळ्या शाईने दुरुस्त केली आणि प्रत्येकीपुढे मुख्याध्यापकांची सही घेतली. त्यांनी कारण विचारले. मी म्हणालो, “मुलगी हजर होती. वाट गैरहजर होती.” ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरातल्या वरच्या वर्गांच्या शाळा पुन्हा उघडल्या. ती तेव्हा आठवीत होती. पहिल्या दिवशी मी तिचे नाव घेतले आणि ती इतक्या मोठ्याने ‘हजर’ म्हणाली, की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सारी मुंबई एकाच वेळी फोन उचलते. त्या वेळी तुमचा फोन लागला नाही आणि पलीकडचे माणूस तुम्हाला विसरले असे वाटू लागले, तर जरा थांबा. ते कदाचित तुमचेच नाव घेत असेल. दहा मिनिटांनी पुन्हा फिरवा. आणि गच्चीवर पणती ठेवावयास गेलात, तर एक पणती त्या वाटोळ्या ढोलाच्या बाजूसही ठेवा.